माहिती तंत्रज्ञान क्षेत्रातील पुढील व्यावसायिक प्रमाणपत्राची निवड : एक विवेचन

प्रस्तावना

संगणकशास्त्राची किंवा अभियांत्रिकीची पदवी घेऊन माहिती तंत्रज्ञानाच्या क्षेत्रात प्रवेश केलेली व्यक्ती साधारणतः चार-सहा वर्षांनी एका वळणावर येऊन उभी राहते. ज्या पदवीने पहिली नोकरी मिळवून दिली, तिचे वजन आता कमी झालेले असते. हातातील काम अंगवळणी पडलेले असते. परंतु पदोन्नतीसाठी वा नव्या नोकरीसाठी तेवढे पुरेसे ठरत नाही. अशा वेळी अनेक माजी विद्यार्थी आपल्या महाविद्यालयातील शिक्षकांकडे एकच प्रश्न घेऊन येतात : आता पुढचे सर्टिफिकेशन कोणते करावे?

या प्रश्नाचे उत्तर बहुधा ऐकीव माहितीवर दिले जाते. सहकाऱ्याने केले म्हणून, खासगी प्रशिक्षण संस्थेने जाहिरात केली म्हणून, अथवा एखाद्या तंत्रज्ञानाचा त्या वर्षी गाजावाजा आहे म्हणून प्रमाणपत्र निवडले जाते. निवड चुकली तर परीक्षेचे शुल्क वाया जाते, हे उघडच आहे. त्याहून मोठे नुकसान म्हणजे नोकरी सांभाळून अभ्यासाला दिलेले सहा-आठ महिने. कुटुंबाची जबाबदारी आलेल्या, कर्जाचे हप्ते भरणाऱ्या तरुणास ते परत मिळत नाहीत. त्यामुळे या निवडीमागे काही तत्त्वे असतात काय, आणि ती शिक्षकांनी विद्यार्थ्यांपुढे कशी मांडावीत, याचे विवेचन प्रस्तुत लेखात करण्याचे योजिले आहे.

१. संकल्पनेचे स्पष्टीकरण

मराठीत 'प्रमाणपत्र' हा एकच शब्द दोन भिन्न गोष्टींसाठी वापरला जातो व गोंधळाची सुरुवात येथूनच होते. पहिला प्रकार प्रशिक्षणपूर्तीच्या प्रमाणपत्राचा होय. अमुक तासांचा अभ्यासक्रम पूर्ण केला, एवढेच ते सांगते. दुसरा प्रकार व्यावसायिक प्रमाणनाचा. यात प्रशिक्षण कोठे घेतले याला महत्त्व नसते. ठरावीक निकषांवर बेतलेली, पर्यवेक्षणाखाली घेतलेली परीक्षा उमेदवार उत्तीर्ण झाला आहे, काही ठिकाणी त्याचा कामाचा अनुभवही तपासला आहे, आणि विशिष्ट मुदतीनंतर त्याला ही पात्रता पुन्हा सिद्ध करावी लागेल, असे तिन्ही अर्थ त्यात अंतर्भूत असतात. व्यक्तींचे प्रमाणन करणाऱ्या संस्थांसाठी आयएसओ/आयईसी १७०२४ हे आंतरराष्ट्रीय मानक २००३ मध्ये प्रसिद्ध झाले व २०१२ मध्ये ते सुधारण्यात आले. परीक्षेची निष्पक्षता, प्रशिक्षण व परीक्षण यांतील अंतर आणि पुनर्प्रमाणन या बाबी त्या मानकाच्या गाभ्याशी आहेत.

महाराष्ट्रात संगणक साक्षरतेचा एमएस-सीआयटी, नाइलिटचे 'ओ' ते 'सी' स्तर, पुण्याच्या सी-डॅकचे पदव्युत्तर पदविका अभ्यासक्रम किंवा २०१४ पासून एनपीटीईएलतर्फे मिळणारी प्रमाणपत्रे सुपरिचित आहेत. ही सर्व शिक्षणाची साधने असून त्यांचे स्वतंत्र महत्त्व आहे. तथापि सिस्कोचे सीसीएनए, रेड हॅटचे आरएचसीई किंवा सुरक्षा क्षेत्रातील सीआयएसएसपी ही दुसऱ्या प्रकारात मोडतात. नोकरीच्या जाहिरातीत 'सर्टिफाइड' असा शब्द येतो तेव्हा बहुतेक वेळा हाच दुसरा प्रकार अभिप्रेत असतो.

२. प्रमाणपत्राचे मूल्य कोठून येते?

अर्थशास्त्रातील दोन विचार येथे उपयोगी पडतात. गॅरी बेकर यांनी १९६४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात मानवी भांडवलाची संकल्पना विस्ताराने मांडली. शिक्षणामुळे व्यक्तीची उत्पादकता वाढते, म्हणून तिचे वेतन वाढते, असा हा विचार आहे. मायकेल स्पेन्स यांनी १९७३ च्या आपल्या लेखात निराळी बाजू दाखविली. नोकरी देणाऱ्यास उमेदवाराची खरी क्षमता दिसत नाही. त्यामुळे तो एखाद्या खुणेवर विसंबतो. मात्र ही खूण मिळविणे अक्षम व्यक्तीला सक्षम व्यक्तीपेक्षा अधिक कठीण जात असेल, तरच ती विश्वसनीय ठरते.

व्यावसायिक प्रमाणपत्रात हे दोन्ही अंश असतात. अभ्यासातून कौशल्य वाढते, हा भांडवलाचा अंश. निवड करणाऱ्या अधिकाऱ्यास अर्ज चाळताना ते दिसते, हा खुणेचा अंश. या भेदावरून एक व्यावहारिक निष्कर्ष निघतो. जी परीक्षा केवळ प्रश्नसंच पाठ करून उत्तीर्ण होता येते, तिच्यात कौशल्याचा अंश नसतो आणि कालांतराने खूण म्हणूनही तिचे मूल्य घसरते. बाजारात 'डम्प' या नावाने फिरणारे चोरीचे प्रश्नसंच म्हणूनच दुहेरी घातक आहेत. त्यांचा वापर परीक्षेच्या गोपनीयता कराराचा भंग ठरतो व उघडकीस आल्यास प्रमाणपत्र रद्द होऊ शकते. शिवाय प्रामाणिकपणे अभ्यास केलेल्यांच्या प्रमाणपत्राचीही किंमत त्यामुळे उतरते.

बेकर यांनी सर्वसाधारण व विशिष्ट अशा दोन प्रकारच्या प्रशिक्षणांत फरक केला. जे कौशल्य अन्य कंपनीतही चालते, त्याचा खर्च कर्मचारी स्वतः सोसतो, असे त्यांचे प्रतिपादन आहे. या न्यायाने प्रमाणपत्राचा खर्च कंपनीने करण्याचे कारण नाही. प्रत्यक्षात मात्र अनेक कंपन्या तो करतात. याचे एक कारण भागीदारी योजनांत सापडते. ॲमेझॉन वेब सर्व्हिसेस (एडब्ल्यूएस), मायक्रोसॉफ्ट किंवा सिस्को यांच्या भागीदार योजनेत वरचा दर्जा हवा असेल, तर सेवा कंपनीकडे प्रमाणपत्रधारक कर्मचारी असणे आवश्यक असते. अर्थात कर्मचाऱ्याच्या प्रमाणपत्राची गरज कंपनीलाही असते. ही गोष्ट ठाऊक असलेला कर्मचारी खर्चाच्या परताव्याची मागणी अधिक आत्मविश्वासाने करू शकतो. मात्र परताव्याच्या बदल्यात ठरावीक काळ नोकरी न सोडण्याचा करार लिहून घेतला जात असल्यास तो वाचूनच सही करावी.

३. प्रमाणपत्रांचे प्रकार

निवडीच्या दृष्टीने तीन कसोट्यांवर वर्गीकरण करणे सोयीचे ठरते.

(अ) प्रमाणित करणारा कोण : उत्पादक कंपन्यांची प्रमाणपत्रे त्या त्या उत्पादनाशी बांधलेली असतात. सिस्को, मायक्रोसॉफ्ट, रेड हॅट, एडब्ल्यूएस ही याची उदाहरणे. उत्पादननिरपेक्ष प्रमाणपत्रे स्वतंत्र संस्थांकडून दिली जातात. कॉम्पटियाचे सिक्युरिटी प्लस, आयएससी-टू या संस्थेचे सीआयएसएसपी, आयसाका या संस्थेचे माहिती प्रणाली लेखापरीक्षणाचे सीआयएसए आणि प्रकल्प व्यवस्थापनाचे पीएमपी ही त्यांत प्रमुख होत. पहिल्या प्रकारचा उपयोग लवकर होतो. दुसऱ्याचा अधिक काळ टिकतो.

(आ) परीक्षेचे स्वरूप : पर्याय निवडण्याच्या परीक्षेत ज्ञान तपासले जाते, तर प्रात्यक्षिक परीक्षेत कृती. रेड हॅटच्या आरएचसीएसए व आरएचसीई या परीक्षांत उमेदवाराला प्रत्यक्ष यंत्रणेवर काम करून दाखवावे लागते. कुबरनेटिसच्या प्रशासनासाठीची सीकेए ही दोन तासांची परीक्षाही अशीच आहे. सिस्कोच्या सीसीआयई या सर्वोच्च प्रमाणपत्राची प्रयोगशाळा परीक्षा आठ तास चालते. अशा परीक्षांना खूण म्हणून अधिक मान असणे स्पेन्स यांच्या विचाराशी सुसंगतच आहे.

(इ) अनुभवाची अट : काही प्रमाणपत्रे केवळ परीक्षेने मिळत नाहीत. सीआयएसएसपीसाठी आठपैकी किमान दोन ज्ञानक्षेत्रांत मिळून पाच वर्षांचा सवेतन अनुभव लागतो. चार वर्षांच्या पदवीमुळे एका वर्षाची सवलत मिळू शकते. अनुभव नसताना परीक्षा उत्तीर्ण झाल्यास 'असोसिएट' ही संज्ञा मिळते व अनुभव पूर्ण करण्यासाठी सहा वर्षांची मुदत असते. पीएमपीसाठी पदवीधरास प्रकल्पांचे नेतृत्व केल्याचा छत्तीस महिन्यांचा अनुभव व पस्तीस तासांचे प्रशिक्षण आवश्यक आहे. नुकत्याच पदवीधर झालेल्या विद्यार्थ्यास 'थेट पीएमपी' मिळवून देण्याचे आश्वासन कोणी देत असेल, तर ते दिशाभूल करणारे आहे, हे शिक्षकांनी स्पष्टपणे सांगावयास हवे.

४. प्रमाणपत्राचे आयुर्मान

पदवी आयुष्यभर टिकते. व्यावसायिक प्रमाणपत्र बहुधा टिकत नाही. कॉम्पटियाची ए प्लस, नेटवर्क प्लस व सिक्युरिटी प्लस ही प्रमाणपत्रे २०११ पूर्वी कायमस्वरूपी होती. त्यानंतरची तीन वर्षांच्या मुदतीची झाली. सिस्को, रेड हॅट व एडब्ल्यूएस यांची मुदतही तीन वर्षांची आहे. सीकेएची मुदत एप्रिल २०२४ पासून तीनऐवजी दोन वर्षे करण्यात आली. मायक्रोसॉफ्टची भूमिकाधारित असोसिएट व एक्स्पर्ट दर्जाची प्रमाणपत्रे दरवर्षी नूतनीकरण करावी लागतात. मात्र ते नूतनीकरण विनाशुल्क व घरबसल्या होते. सीआयएसएसपीधारकास तीन वर्षांत १२० सातत्यपूर्ण शिक्षणाचे श्रेयांक मिळवावे लागतात व वार्षिक शुल्कही भरावे लागते.

मुदतीखेरीज दुसरा धोका प्रमाणपत्रच बंद होण्याचा आहे. १९९० च्या दशकात नोव्हेलचे सीएनई हे मानाचे प्रमाणपत्र होते. नेटवेअरची जागा अन्य प्रणालींनी घेतल्यावर त्याची मागणीही ओसरली. मायक्रोसॉफ्टचे एमसीएसई हे अनेक वर्षे भारतातील प्रशिक्षण वर्गांचे मुख्य आकर्षण होते. जानेवारी २०२१ अखेर एमसीएसए, एमसीएसडी व एमसीएसई ही तिन्ही प्रमाणपत्रे निवृत्त करण्यात आली. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या क्षेत्रात तर हे चक्र अधिक वेगाने फिरते. गुगलचे २०२० मध्ये सुरू झालेले टेन्सरफ्लो डेव्हलपर प्रमाणपत्र २०२४ मध्ये बंद झाले. म्हणून प्रमाणपत्र निवडताना त्या परीक्षेची सध्याची आवृत्ती केव्हा संपणार आहे, हे संबंधित संस्थेच्या अधिकृत माहितीवरून पाहणे अगत्याचे आहे.

तथापि आयुर्मानाचा विचार केवळ नकारात्मक नाही. वरच्या दर्जाची परीक्षा उत्तीर्ण झाल्यास खालच्या प्रमाणपत्राचे नूतनीकरण आपोआप होते, अशी सोय काही ठिकाणी असते. सिस्कोची सीसीएनपी स्तरावरील एक मुख्य परीक्षा उत्तीर्ण झाल्यास सीसीएनएची मुदत वाढते. एडब्ल्यूएसचे सोल्यूशन्स आर्किटेक्ट प्रोफेशनल मिळविल्यास त्याच शाखेतील असोसिएट प्रमाणपत्राचेही नूतनीकरण होते. 'पुढचे' प्रमाणपत्र ठरविताना 'मागच्या' प्रमाणपत्राची मुदत हा म्हणूनच एक महत्त्वाचा घटक ठरतो.

५. निवडीची पद्धत

वरील विवेचनाच्या आधारे निवडीचे पुढील टप्पे सुचविता येतात.

पहिला टप्पा दिशानिश्चितीचा. पुढील तीन वर्षांत कोणत्या पदावर काम करावयाचे आहे, हे आधी ठरवावे. दिशा तीन असू शकतात : त्याच शाखेत खोलवर जाणे, शेजारच्या शाखेत सरकणे, किंवा तांत्रिक कामातून व्यवस्थापनाकडे वळणे. आधी पद व मग प्रमाणपत्र, हा क्रम उलटला की निवड चुकते.

दुसरा टप्पा मागणीच्या पडताळणीचा. अपेक्षित पदाच्या व अपेक्षित शहरातील तीस-चाळीस जाहिराती वाचून त्यांत कोणते प्रमाणपत्र किती वेळा येते, याची साधी नोंद करावी. ते 'आवश्यक' आहे की 'असल्यास प्राधान्य', हेही पाहावे. येथे स्थानिक संदर्भाचे भान महत्त्वाचे आहे. अमेरिकेच्या संरक्षण खात्याने ८५७० क्रमांकाच्या निर्देशानुसार व आता त्याची जागा घेतलेल्या ८१४० च्या चौकटीनुसार सायबर कामासाठी ठरावीक पात्रता लागू केल्या आहेत. त्यामुळे तेथील जाहिरातींत सिक्युरिटी प्लस वारंवार दिसते. पुण्यातील वा नागपुरातील कंपनीला तो निर्देश लागू नसतो. भारतात सुरक्षा तज्ज्ञांच्या कामास बळ मिळाले ते वेगळ्या कारणांनी. सर्ट-इनच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर घटनेची माहिती सहा तासांत कळविणे बंधनकारक झाले आणि २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम संमत झाला. या तरतुदी सामान्य कर्मचाऱ्यावर विशिष्ट प्रमाणपत्राची सक्ती करीत नाहीत. त्या कामाची गरज निर्माण करतात, हा फरक ध्यानी घ्यावा.

तिसरा टप्पा पात्रतेचा. अनुभवाची अट पूर्ण होते काय, व तो अनुभव कागदोपत्री सिद्ध करता येतो काय, हे अर्जापूर्वी तपासावे.

चौथा टप्पा एकूण खर्चाचा. परीक्षा शुल्क हा खर्चाचा एक भाग झाला. प्रशिक्षण, सरावासाठी लागणारी यंत्रणा, अनुत्तीर्ण झाल्यास पुन्हा भरावे लागणारे शुल्क, वार्षिक शुल्क व नूतनीकरण यांची तीन वर्षांची बेरीज करावी. पुष्कळ परीक्षांचे शुल्क डॉलरमध्ये ठरते. त्यामुळे विनिमय दराचाही परिणाम होतो.

पाचवा टप्पा उपयोगाचा. शिकलेले कौशल्य येत्या सहा महिन्यांत प्रत्यक्ष कामात वापरण्याची संधी आहे काय? नसल्यास मुलाखतीत दोन प्रश्नांपलीकडे उमेदवाराचा टिकाव लागत नाही. संधी नसेल तर आधी कार्यालयात तसे काम मागून घ्यावे आणि त्यानंतर परीक्षेकडे वळावे.

६. एक उदाहरण

ही पद्धत काल्पनिक उदाहरणाने अधिक स्पष्ट होईल. समजा, पुण्यातील एका सेवा कंपनीत सहा वर्षे नेटवर्क विभागात काम करणारी अभियांत्रिकी पदवीधर कर्मचारी आहे. तिच्याकडे सीसीएनए असून त्याची मुदत दहा महिन्यांत संपते. तिच्यापुढे तीन पर्याय आहेत : सीसीएनपी, एडब्ल्यूएसचे असोसिएट प्रमाणपत्र आणि सीआयएसएसपी.

नेटवर्कमध्येच वरिष्ठ पदावर जावयाचे असेल, तर सीसीएनपीची मुख्य परीक्षा दहा महिन्यांच्या आत देणे हितावह ठरेल. २०२० च्या पुनर्रचनेनंतर सीसीएनपीसाठी एक मुख्य व एक ऐच्छिक अशा दोन परीक्षा असतात. मुख्य परीक्षा उत्तीर्ण होताच सीसीएनएचे नूतनीकरण होते व पुढे सीसीआयईच्या प्रयोगशाळा परीक्षेचा मार्गही खुला होतो. दुसरी परीक्षा सवडीने देता येते.

कंपनीची कामे क्लाउडवर हलविली जात असतील आणि तिला त्या गटात सामील होण्याची संधी मिळणार असेल, तर एडब्ल्यूएसचा विचार योग्य ठरतो. नेटवर्कचे ज्ञान तेथे वाया जात नाही; उलट त्याचा आधार मिळतो. मात्र या परीक्षेने सीसीएनएची मुदत वाढत नाही, हे गृहीत धरावे लागेल.

सीआयएसएसपीचा निर्णय तिच्या प्रत्यक्ष कामावर अवलंबून आहे. सहा वर्षांपैकी बराच काळ तिने फायरवॉल, सुरक्षित दूरस्थ जोडणी, प्रवेशाधिकारांचे नियंत्रण व सुरक्षा घटनांची हाताळणी केली असेल, तर पदवीची सवलत धरून अनुभवाची अट पूर्ण होण्याची शक्यता आहे. केवळ केबल, स्विच व राउटर यांच्या देखभालीचे काम केले असेल, तर ती अट पूर्ण होणे कठीण. तशा स्थितीत सुरक्षा विभागात बदली मागणे हीच खरी पुढची पायरी होय, प्रमाणपत्र त्यानंतरचे.

कोणते प्रमाणपत्र 'सर्वोत्तम' आहे, हा प्रश्न या उदाहरणात कोठेही विचारावा लागला नाही. मुदत, कामाची संधी व सिद्ध करता येणारा अनुभव या तीन वस्तुस्थितींनीच उत्तर दिले.

७. महाविद्यालय व शिक्षकांची भूमिका

नॅकच्या २०१७ मध्ये सुधारलेल्या मूल्यांकन चौकटीत मूल्यवर्धित व प्रमाणपत्र अभ्यासक्रमांच्या संख्येची नोंद घेण्याची तरतूद होती. त्यामुळे अनेक महाविद्यालयांत असे अभ्यासक्रम सुरू झाले, ही स्वागतार्ह बाब आहे. परंतु संख्येकडे लक्ष जाताना विद्यार्थ्याच्या हाती नेमके काय पडते, याकडे दुर्लक्ष होऊ नये. तीस तासांच्या अभ्यासक्रमाचे प्रमाणपत्र आणि व्यावसायिक प्रमाणन यांतील फरक प्रवेशाच्या वेळीच सांगणे हे शैक्षणिक प्रामाणिकपणाचे लक्षण होय. ग्रामीण भागातून आलेला, घरातील पहिलाच पदवीधर असलेला विद्यार्थी हा फरक विचारील, अशी अपेक्षा करता येत नाही. त्याच्या वडिलांनी पिकाच्या पैशातून भरलेली फी मात्र तेवढीच खरी असते.

या संदर्भात शिक्षकांना तीन गोष्टी सहज करता येण्याजोग्या आहेत. संगणक विभागाने दरवर्षी प्रमुख प्रमाणपत्रांच्या अटी, मुदत व शुल्क यांचा एक पानी तक्ता अधिकृत माहितीवरून तयार करून सूचना फलकावर लावावा. माजी विद्यार्थी मेळाव्यात कोणत्या प्रमाणपत्राचा कोणत्या कामात उपयोग झाला, याची माहिती संकलित करावी. तसेच मूलभूत संकल्पनांच्या अध्यापनात उणीव राहू देऊ नये. कार्यप्रणाली, संगणक जाळे, डेटाबेस व प्रोग्रॅमिंग यांचा पाया भक्कम असेल, तर एक प्रमाणपत्र कालबाह्य झाल्यावर दुसऱ्याकडे वळणे पदवीधरास जड जात नाही.

समारोप

व्यावसायिक प्रमाणपत्र हे कौशल्य वाढविणारे साधन आणि ते दर्शविणारी खूण, अशा दुहेरी स्वरूपाचे असते. त्याचे मूल्य परीक्षेची कठीणता, मागणीचा स्थानिक संदर्भ, उमेदवाराचा अनुभव व प्रमाणपत्राची मुदत यांवर ठरते. त्यामुळे पुढील प्रमाणपत्राची निवड लोकप्रियतेवर न करता अपेक्षित पदापासून उलट दिशेने विचार करीत केली पाहिजे. काही वेळा या विचाराअंती 'आता कोणतेच प्रमाणपत्र नको, आधी कामाचा विभाग बदलावा' असेही उत्तर निघते. तेही तितकेच उपयुक्त असते. सल्ला मागण्यास आलेल्या विद्यार्थ्यास शिक्षकाने एखादे नाव सुचविण्याऐवजी दिशा, मागणी, पात्रता, खर्च व उपयोग हे पाच प्रश्न विचारावेत. त्यांची उत्तरे तो विद्यार्थी स्वतःच शोधू लागला, तर पुढच्या प्रत्येक वळणावर त्याला ती पद्धत पुरेल.